जखमेवरचे मलम उंदराच्या पाठीवरच का अडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांतल्या प्रकल्पांचे दिवस आले की बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातून एक बातमी हमखास येते : अमुक वनस्पतीपासून जखमेवर गुणकारी मलम तयार. सोबत मुलांचा फोटो आणि हातात पांढरी डबी. पुढच्या वर्षी वनस्पती बदलते, डबी तीच राहते. त्या मलमाचे नंतर काय झाले हे छापून येत नाही, कारण नंतर काही होतच नाही. मुलांना किंवा त्यांच्या शिक्षकांना नावे ठेवायला हे पत्र लिहिलेले नाही. प्रयोगशाळेतली डबी आणि औषध दुकानातली ट्यूब यांच्यामधला रस्ता कुठे कुठे खचलेला आहे, तेवढे सांगायचे आहे.

सामग्रीची आपल्याकडे वाण नाही. खानापूरचे जंगल आहे. नेहरूनगरात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. शहरात आयुर्वेद, फार्मसी आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मोठी इस्पितळे आहेत, त्वचापेढीसुद्धा आहे. आणि दुर्दैवाने जखमाही आहेत : भाताच्या खाचरात अनवाणी उतरलेले मधुमेही, ऊसतोडीत कोयता लागलेले, उद्यमबाग-मच्छेकडच्या फौंड्रीत भाजलेले.

पहिली खाच उंदराच्या पाठीवर. उंदराची कातडी खालच्या मांसावर सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाच्या पायावरची जखम अशी आकसत नाही. तिथे तळातून लाल, दाणेदार मांस भरून यावे लागते आणि मग कडेने कातडी चढावी लागते. म्हणजे उंदरावर 'दहा दिवसांत नव्वद टक्के जखम भरली' हा आकडा बराचसा उंदराचाच असतो, मलमाचा नसतो. यावर उपाय आहे : जखमेभोवती सिलिकॉनचे कडे टाके घालून बसवायचे, म्हणजे आकसणे थांबते आणि भरणे दिसते. डुकराची कातडी माणसाच्या कातडीला त्याहून जवळची. ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली दाखवले ते डुकरांवरच. (आपल्याकडे 'पट्टी काढ, जरा वारा लागू दे' हा सल्ला अजून चालूच आहे.)

दुसरे म्हणजे, उंदराची जखम काल केलेली असते आणि आपल्या रुग्णाची तीन महिन्यांची. जुनाट जखमेत प्रथिने तोडणारी विकरे वाढलेली असतात, जंतूंचा चिकट थर बसलेला असतो, रक्तपुरवठा अपुरा असतो आणि बधिर पायावर रोज तोच भार पडत असतो. ताज्या कापण्यावर कंबरमोडीचा पाला चोळला की रक्त थांबते, हा अनुभव गावोगावी आहे आणि तो खोटा नाही. पण तोच पाला टाचेखालच्या जुन्या व्रणावर तेच काम करील, हे त्यावरून ठरत नाही. खोल जखमेत भरलेली हळदपूड किंवा तंबाखू तर आत कचऱ्यासारखी बसते आणि साफ करताना ड्रेसिंग करणाऱ्याचा अर्धा तास खाते.

आता माणसांवरची चाचणी. मधुमेही पायाच्या व्रणावर कुठलेही नवे औषध लावण्याआधी नेहमीचे उपचार नीट द्यावे लागतात : मेलेले मांस काढणे, संसर्ग आटोक्यात आणणे, पायाचा रक्तपुरवठा तपासणे आणि व्रणावरचा भार काढणे. घोट्यातल्या आणि दंडातल्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यायची. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटा फुगतो, म्हणून १.३ च्या वरच्या आकड्यावरही विश्वास टाकायचा नाही, पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायचा. हे सगळे करूनही किती जखमा भरतात? १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, अनेक चाचण्यांतल्या तुलनेच्या गटांत, बारा आठवड्यांत सुमारे २४ टक्के आणि वीस आठवड्यांत सुमारे ३१ टक्के व्रण पूर्ण भरले होते.

हा २४ चा आकडा मनात धरून हिशेब करू. आपले मलम तो ४० वर नेईल अशी आशा आहे. शास्त्राच्या रूढ मापाने, म्हणजे पाच टक्के चुकीची मुभा आणि खरा फरक पकडण्याची ऐंशी टक्के शक्यता धरून, प्रत्येक गटात १३० च्या आसपास रुग्ण लागतात. पाचातला एक मध्येच गळतो असे धरले तर १६२, आणि दोन्ही गट मिळून सव्वातीनशे. आपल्याकडचे पदव्युत्तर प्रबंध तीस-तीस रुग्णांवर आणि चार आठवड्यांच्या पाहणीवर उभे असतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यातून परवानग्या, परीक्षा आणि लेखन वजा केले तर रुग्ण गोळा करायला जेमतेम दीड वर्ष उरते. तेवढ्यात दुसरे काय होणार? मग 'क्षेत्रफळात सरासरी इतके टक्के घट' असा निष्कर्ष निघतो. नियामकाला तो पुरत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २००६ साली दिलेली कसोटी सरळ आहे : जखमेवर पूर्ण कातडी आली पाहिजे, स्राव नको, पट्टीची गरज नको, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा पाहून तसेच दिसले पाहिजे. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले तर पुढे जखम भरण्याची शक्यता चांगली, हे खरे. पण ती खूण झाली, निकाल नव्हे.

क्षेत्रफळ मोजण्यातच किती गफलत होते, पाहा. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी तीन. पट्टी लावून गुणाकार केला की बारा चौरस सेंटिमीटर. पण जखम चौकोनी नसते. लंबगोल धरून ०.७८५ ने गुणले तर ९.४ येते. पहिल्या भेटीत एकाने चौकोन धरला आणि चौथ्या भेटीत दुसऱ्याने लंबगोल, तर औषधाचा थेंब न लावता जखम वीस टक्क्यांनी 'भरली'. म्हणून पारदर्शक कागदावर कडा गिरवायची, फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायची, आणि हे काम मेलेले मांस काढून झाल्यावर करायचे, आधी नव्हे. हळदीच्या मलमाची आणखी एक अडचण : कातडी पिवळी होते. तपासणाऱ्याला कुणाला काय लावले ते लगेच कळते आणि नकळत माप झुकते. फोटो बघून माप घेणारा माणूस वेगळा ठेवला, दोन्ही गटांची जखम धुऊनच फोटो काढला, तर हा झोल कमी होतो. दुसऱ्या मलमात निरुपद्रवी पिवळा रंग घालणे हाही मार्ग आहे.

सीमाभागाची एक अडचण पुण्या-मुंबईच्या संशोधकाच्या ध्यानातही येत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. आपल्याकडे घरात मराठी बोलणारा, पण शाळा कानडीत झालेला रुग्ण सर्रास असतो. त्याला मराठी ऐकायला हवे आणि कानडी वाचायला. दोन्ही भाषांतले मसुदे नैतिकता समितीपुढे ठेवायचे, उलट भाषांतर करून पडताळायचे. त्यातले मराठीही कुठले? 'यादृच्छिक वाटप' म्हटले तर खानापूरचाच काय, टिळकवाडीचा माणूसही मान हलवून सही करील. त्याऐवजी 'तुम्हाला कुठले मलम लावायचे ते चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरांनाही ते ठाऊक नसेल' असे लिहिले की तो लगेच विचारतो, 'आणि साधे मलम निघाले तर?' हा प्रश्न आला म्हणजे संमती खरी. 'स्राव होतो का?' या रकान्यात 'नाही' लिहिलेले असते, आणि तोच माणूस म्हणतो, लस (जखमेतले चिकट पाणी) येते, रात्री पाणी सुटते. प्रश्नावलीत लस, पाणी, पू हे शब्द वेगवेगळे घाला.

बारा आठवडे म्हणजे बारा खेपा. गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीवरचा रुग्ण येत नाही. त्याची मजुरी बुडते आणि आपल्या हिशेबात तो 'गळालेला' होतो. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायला हवी. शक्य तिथे तपासणी गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. नियमांत 'शैक्षणिक चाचणी' नावाचा एक सोपा मार्ग आहे. आधीच मंजूर असलेले औषध नव्या उपयोगासाठी तपासायचे असेल, तर नैतिकता समितीची मान्यता पुरते, दिल्लीला केंद्रीय औषध नियंत्रकाकडे जावे लागत नाही. पण अशा चाचणीचे निष्कर्ष विक्रीची परवानगी मागायला वापरता येत नाहीत; व्याख्येतच तसे म्हटले आहे. दोन वर्षे खपून केलेले काम, उत्तम निकाल, आणि उत्पादक म्हणतो, 'हे चालत नाही, पुन्हा करा.' रुग्ण क्रमांक एक घेण्याआधी ठरवायला हवे होते की हे प्रबंधासाठी आहे की बाजारासाठी.

त्याच बैठकीत ठरवायची दुसरी गोष्ट : आपल्या हातात आहे ते काय? औषध, वैद्यकीय उपकरण की आयुर्वेदिक औषध? मुख्य काम रासायनिक असेल तर औषध. झाकणे, शोषणे, ओल राखणे अशा भौतिक मार्गाने काम होत असेल तर उपकरण, आणि त्याला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू. त्यात अ, ब, क, ड असे वाढत्या जोखमीचे चार वर्ग आहेत. नुसती शोषून घेणारी पट्टी 'अ' वर्गात. आतल्या कातडीपर्यंत गेलेल्या जखमेसाठी असेल किंवा जखमेतले वातावरण सांभाळत असेल तर 'ब'. तळातूनच भरून येऊ शकणाऱ्या खोल व्रणासाठी असेल तर 'क'. औषध मिसळले किंवा प्राण्याच्या ऊतकापासून केले तर 'ड'. अ आणि ब चा उत्पादन परवाना राज्याच्या औषध नियंत्रण खात्याकडून मिळतो, क आणि ड चा केंद्राकडून. म्हणजे माशाच्या कातडीतले कोलॅजेन वापरून कुणी 'साधी पट्टी' केली, तर ती साधी राहत नाही. चाचणीपुरता थोडा माल बनवायलाही परवाना लागतो : उपकरणासाठी एमडी-१२ या नमुन्यात अर्ज, एमडी-१३ मध्ये परवाना. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केलेला माल तसाच रुग्णावर नेता येत नाही.

आयुर्वेदिक मार्ग अनेकांना सोपा वाटतो. जात्यादी तेलासारखे ग्रंथोक्त कल्प असतील तर तो तुलनेने सोपा आहेही. पण ग्रंथातले घटक आपल्या मनाने एकत्र करून 'प्रोप्रायटरी' मलम करायचे तर परिणामकारकतेचा पुरावा मागितला जातो. शिवाय वनस्पतीची ओळख पटवून नमुना जपून ठेवावा लागतो. शिसे दशलक्षात १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग या मर्यादेत बसवावे लागते. पावसाळ्यात खानापूरकडे वाळत घातलेला पाला दोन दिवसांत बुरशी धरतो. ती बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच काढ्यात उतरलेली असते.

एक उदाहरण जवळून पाहू. जांबोटी-कणकुंबीकडचा रानमध घेऊन जखमेची ट्यूब करायची आहे. मध जखमेवर काम करतो तो आम्लतेमुळे, पाणी ओढून घेण्यामुळे आणि ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरातून सुटणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे. तापवला तर हे विकर मरते. तापवला नाही तर क्लॉस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, आणि उघड्या जखमेत तो धोका पत्करता येत नाही. दाट मध ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जात नाही. इथिलीन ऑक्साइड वायू त्याच्या आत शिरत नाही. उरतात गॅमा किरण, नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. ही सोय देशात नवी नाही. मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे) 'आयसोमेड' हे विकिरण केंद्र १९७४ पासून आहे. पण ट्यूब साध्या पॉलिप्रॉपिलीनची असेल तर गॅमाने ठिसूळ होते आणि सहा महिन्यांनी झाकणाजवळ चिरते. विकिरणाला टिकणारे प्लास्टिक आधीच निवडावे लागते. रानमधात पाणी वीस टक्क्यांच्या वर गेले की तो आंबतो आणि ट्यूब फुगते. यानंतर पेशींवरची विषारीपणाची चाचणी : प्रयोगशाळेतल्या पेशींपैकी सत्तर टक्क्यांहून कमी जगल्या तर माल नापास. नीट न पातळवलेला मध इथे नापास होऊ शकतो, कारण त्यातली साखरच पेशींतले पाणी ओढते. मग ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून टिकाऊपणा, तोही वेगवेगळ्या तीन बॅचचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हायड्रोजेल पट्टीत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : त्यात किरणांनीच जेल जोडले जाते आणि त्याच झटक्यात निर्जंतुकही होते. निर्जंतुकीकरण शेवटी आठवण्याची गोष्ट नाही. मालाची रचनाच त्यावरून ठरवायची.

हळदीच्या पेटंटची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ पुढे ठेवून ते आव्हानले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्याचा अभिमान आहेच. पण त्याची दुसरी बाजू उत्पादकाला बैठकीत लगेच दिसते : आपल्याच कायद्याच्या कलम ३(पी) प्रमाणे पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही आणि ३(ई) प्रमाणे नुसत्या मिश्रणालाही नाही. मग सव्वातीनशे रुग्णांच्या चाचणीचा खर्च कोण करणार? पेटंट मिळू शकते ते नव्या प्रक्रियेला, नव्या वाहकाला, एकत्र आल्याने खरोखर वेगळा परिणाम दाखवणाऱ्या संयोगाला. त्यातही जंगलातली सामग्री असेल तर जैवविविधता कायद्याची पूर्तता आहेच. आणि वर्तमानपत्रात कृती आधी छापून आली तर पेटंटचा दावा तिथेच अडचणीत येतो. अर्ज आधी, बातमी नंतर.

वाढघटक, म्हणजे पेशींची वाढ चेतवणारी प्रथिने, असलेल्या जेलबद्दल थोडक्यात. त्यांतले बेकाप्लेर्मिन अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाले. गाजलेल्या चाचणीत त्याने वीस आठवड्यांतले पूर्ण भरणे ३५ टक्क्यांवरून ५० वर नेले. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाबाबत ठळक इशारा आला, पुढे तो काढला गेला. इतक्या खटाटोपाचे औषध शंभरातल्या पंधरा जणांना जास्तीचा फायदा देते. तेव्हा 'आठ दिवसांत हमखास' म्हणणाऱ्याकडे कसे पाहायचे ते वाचकांनी ठरवावे. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. जिथे पावसाळ्यात रात्र-रात्र वीज नसते, तिथे ट्यूब फ्रिजमध्ये असूनही औषध बाद झालेले असू शकते.

आमच्या मते सीमाभागाने मलमाचा नाद थोडा कमी करून यंत्र आणि चप्पल यांच्याकडे पाहावे. जखमेतली हवा खेचून ठेवणारे नकारात्मक दाबाचे यंत्र घ्या. भाग मोजके : छोटा डायफ्राम पंप, स्राव साठवणारा डबा, त्यापुढे पाणी अडवणारी गाळणी, दाब मोजणारा सेन्सर, भोंगा, आणि जखमेवर ४०० ते ६०० मायक्रॉन छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम व चिकट आवरण. नेहमीचा दाब उणे १२५ मिलिमीटर पारा. हायड्रॉलिक्समध्ये नाव असलेल्या गावाला पंप आणि सील शिकवायला नकोत. बिघडते ते इतरत्र : घोट्याच्या वळणावर आवरण सुटून गळती होते आणि पंप सतत चालून जळतो; गाळणी भिजली की स्राव पंपात शिरतो; फोमचा तुकडा आत राहिला तर जखम त्याच्यावरून बंद होते, म्हणून घातलेले तुकडे आवरणावर लिहून ठेवायचे. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलायची. वीज जाऊन यंत्र दोन तासांहून जास्त बंद राहिले तर पट्टी काढून साधी लावायची, नाहीतर खाली पू कोंडतो. बॅटरी किती तास चालते हा त्यामुळे जिवाचा प्रश्न होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णावर विशेष लक्ष हवे. विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी करावीच लागते. ती आराखड्यात आधी धरली तर मुळापासून बदल करावे लागत नाहीत.

आणि चप्पल. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांचा हात तयार आहे. पारंपरिक कोल्हापुरी बधिर पायाला वाईटच; अंगठ्याची कडी नेमकी घासते आणि कळत नाही. पण आत १५ शोअर कडकपणाचे सूक्ष्मछिद्री रबर, खाली कडक तळ, मागे पट्टा, वर वेल्क्रो, कुठेही खिळा नाही, सगळे शिवलेले किंवा चिकटवलेले, अशी चप्पल हेच हात करू शकतात. रबर अंगठ्याने दाबून पाहा. दबून तसेच राहिले तर ते दोन महिन्यांत बसणार.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. जखमेच्या औषधाची बातमी आली तर छापण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : माणसांवर तपासले का, सीटीआरआय या देशाच्या चाचणी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक काय, आणि उत्पादन परवाना कुठल्या नावाने आहे. मधुमेह किंवा गँगरीन 'बरे करतो' अशी जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली मुळातच बंद आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर अशी एखादी आली की जाहिरात विभागाने ती तिथेच अडवावी.

आपले,
जखमोपचार व औषधनिर्मिती क्षेत्रात काम करणारी काही मंडळी,
टिळकवाडी, बेळगाव